ऊर्जेची काटकसर : घरापासून पेठेपर्यंत

प्रस्तावना

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण मराठी भाषकांच्या नित्य परिचयाची आहे. माणसे कोठेही राहत असली, तरी त्यांच्या अडचणी सारख्याच असतात, असा तिचा अर्थ. पण ही म्हण शब्दशः घेतली, तर ऊर्जेच्या वापराविषयीही ती काही सांगून जाते. जितकी घरे तितक्या चुली. आणि जितक्या चुली तितक्या ठिकाणी वाया जाणारी उष्णता. आज शहरांत चुलीची व बंबाची जागा विजेच्या गिझरने घेतली आहे. घरातला धूर दिसेनासा झाला. पण तो नाहीसा झाला असे नाही. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून तो अद्याप निघतच आहे.

ऊर्जेची बचत म्हटली, की ‘दिवे बंद करा, पंखे बंद करा’ एवढाच उपदेश बहुधा ऐकू येतो. तो योग्य असला तरी अपुरा आहे. काही बचत एकट्या घराला साधते. काही मात्र शेजाऱ्यांनी एकत्र आल्याशिवाय साधत नाही. हा फरक बंगळूर शहरातील चामराजपेट या जुन्या वस्तीच्या उदाहरणाने प्रस्तुत पाठात स्पष्ट केला आहे.

१. पेठ आधी, वीज नंतर

कन्नडमधील ‘पेटे’ आणि मराठीतील ‘पेठ’ हे एकाच अर्थाचे शब्द. बंगळूरची मूळ पेठ दाट वस्तीची आणि अरुंद गल्ल्यांची होती. तिला लागून १८९२ साली आखणी करून एक नवी वसाहत वसवण्यात आली. म्हैसूर संस्थानचे तत्कालीन राजे चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. सरळ मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणारे आडवे रस्ते, अशी तिची रचना आहे. कन्नड साहित्य परिषदेचे मुख्यालय याच चामराजपेटमध्ये आहे.

ही वसाहत वसली, तेव्हा बंगळूरमध्ये वीज नव्हती. १९०२ साली कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील धबधब्यावर जलविद्युत केंद्र सुरू झाले. तेथील वीज प्रथम सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवण्यात आली. १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. म्हणजे पेठ आधी आली आणि वीज तेरा वर्षांनी आली.

या क्रमाला महत्त्व आहे. वीज नसताना बांधलेल्या घराला आपली सोय आपणच करावी लागे. जाड भिंती, उंच छत, छताजवळचे झरोके, मंगळुरी कौले आणि मधले अंगण यांमुळे जुन्या पद्धतीची घरे पंख्याशिवायही बऱ्यापैकी थंड राहत. अंघोळीचे पाणी न्हाणीघरातील हंड्यात, सरपणावर तापे. मराठी घरांत हेच काम तांब्याचा बंब करी आणि त्यात नारळाच्या करवंट्याही जळत. ही पद्धत निर्दोष नव्हती. सरपणाची बरीचशी उष्णता हवेत जाई आणि धूर घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत व छातीत जाई. म्हणून जुने ते सगळे सोने मानण्याचे कारण नाही. मात्र घर बांधतानाच ऊर्जेचा विचार करण्याची जुनी सवय विजेच्या सोयीमुळे हळूहळू मागे पडली, एवढे खरे.

२. पाच बादल्यांचे गणित

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे तेथील हवा सौम्य असते. युरोपातल्याप्रमाणे घर तापवण्याची तेथे गरज पडत नाही. परंतु सकाळी गार पाणी अंगावर घेणेही नकोसे वाटते. घरातील उष्णतेची मोठी गरज म्हणजे स्वयंपाक आणि अंघोळीचे पाणी. यांपैकी पाण्याचे गणित मांडून पाहू.

समजा, एका घरात पाच माणसे आहेत आणि प्रत्येकाला अंघोळीसाठी २० लिटर गरम पाणी लागते. म्हणजे रोजचे १०० लिटर झाले. हे पाणी २० अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणून १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्यास २,५०० किलोकॅलरी उष्णता हवी. विजेच्या एका युनिटपासून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. यावरून रोज सुमारे २.९ युनिट, म्हणजेच महिन्याला सुमारे ८७ युनिट वीज केवळ अंघोळीच्या पाण्यासाठी लागते. गिझरच्या टाकीतून आणि नळातून निसटणारी उष्णता यात धरलेली नाही.

या ८७ युनिटांची तुलना इतर वापराशी करता येते. ७५ वॉटचा जुना पंखा रोज दहा तास चालत असेल आणि त्याच्या जागी ३० वॉटचा नव्या प्रकारचा पंखा बसवला, तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. ६० वॉटचा जुना तारेचा दिवा काढून ९ वॉटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिटांहून थोडी अधिक बचत होते. या दोन्ही गोष्टी अवश्य कराव्यात. पण घरातील विजेचा खरा खादाड गिझर आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

येथे आणखी एक मुद्दा आहे. कोळशाच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चक्र फिरवतात आणि त्यातून वीज निर्माण होते. या खटाटोपात कोळशातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. उरलेली उष्णता हवेत आणि पाण्यात जाते. वीज तारांतून येताना आणखी थोडी घट होते. म्हणजे आधी उष्णतेची वीज करायची आणि मग घरी आणून त्याच विजेची पुन्हा उष्णता करायची, हा उलटा व्यवहार झाला. विजेने दिवा लागतो, यंत्र चालते, रेडिओ वाजतो. अशी बहुगुणी ऊर्जा केवळ पाणी कोमट करण्यासाठी खर्च करणे म्हणजे चंदनाचे लाकूड सरपण म्हणून जाळण्यासारखे आहे.

कुटुंबाच्या खर्चाशीही याचा थेट संबंध आहे. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत, घरगुती ग्राहकाला त्याच्या पूर्वीच्या सरासरी वापराच्या आधारे, २०० युनिटांच्या मर्यादेत मोफत वीज देण्याचे ठरले. वापर २०० युनिटांच्या पुढे गेला, तर मात्र पूर्ण बिल भरावे लागावे असा नियम ठेवण्यात आला. अशा वेळी २१० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला केवळ दहा युनिटांसाठी मोठा भुर्दंड बसू शकतो. गिझरचे ८७ युनिट ही म्हणूनच क्षुल्लक बाब ठरत नाही.

पाठगत प्रश्न
(अ) चामराजपेट वसाहत वसल्यानंतर किती वर्षांनी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले?
(आ) विजेने पाणी तापवण्याला ‘उलटा व्यवहार’ का म्हटले आहे?

३. गल्लीचा भार

एका घराचा हिशोब संपला, की गल्लीचा हिशोब सुरू होतो. एका गल्लीत १०० घरे आहेत आणि प्रत्येक घरात दोन किलोवॉटचा गिझर आहे, असे समजू. शाळा आणि कचेरीची वेळ सर्वांची साधारण एकच असते. त्यामुळे सकाळी सहा ते आठ या वेळात बहुतेक गिझर चालू असतात. सर्व एकदम सुरू झाले, तर एकट्या त्या गल्लीवर २०० किलोवॉटचा भार पडेल. हा भार गल्लीतील रोहित्राला, म्हणजेच ट्रान्सफॉर्मरला सोसावा लागतो. दुपारी मात्र तेच रोहित्र जवळजवळ मोकळे असते. केवळ दोन तासांच्या गर्दीसाठी मोठ्या तारा, मोठी रोहित्रे आणि जादा वीजकेंद्रे सज्ज ठेवावी लागतात. त्यांचा खर्च शेवटी सर्वांच्याच बिलात येतो. गिझर न वापरणाऱ्याच्याही.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. बंगळूरला पिण्याचे पाणी कावेरीतून, शिवनसमुद्राच्याच परिसरातून येते. ते सुमारे १०० किलोमीटर अंतर कापून आणि सुमारे ५०० मीटर उंच चढून शहरात पोहोचते. ते तीन टप्प्यांत पंपांनी वर चढवले जाते. १,००० लिटर पाणी ५०० मीटर उचलण्यास, पंपातील घट सोडली तरी, १.३६ युनिट ऊर्जा लागतेच. एके काळी खाली कोसळणाऱ्या कावेरीने बंगळूरला दिवे दिले. आज तीच कावेरी वर चढवण्यासाठी वीज खर्ची पडते आहे. गरम पाणी येईपर्यंत नळ उघडा ठेवून गार पाणी मोरीत सोडणे, ही म्हणूनच दुहेरी उधळपट्टी ठरते.

४. साऱ्या गावाची एक चूल

थंड प्रदेशांतील काही शहरांनी या प्रश्नाचा विचार वेगळ्या रीतीने केला. प्रत्येक घरात वेगळी शेगडी पेटवण्याऐवजी एका ठिकाणी उष्णता निर्माण करावी आणि जमिनीखालच्या नळांतून ती घरोघर पोहोचवावी, अशी ही योजना. न्यूयॉर्क शहरात १८८२ सालापासून अशा रीतीने वाफेचा पुरवठा सुरू झाला. डेन्मार्क या देशाने तर ही पद्धत राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा परदेशी तेलावर अवलंबून असलेल्या त्या देशाची मोठी कुचंबणा झाली. १९७९ साली तेथे उष्णता-पुरवठ्याचा कायदा झाला. आज डेन्मार्कमधील सुमारे दोन तृतीयांश घरांना सामूहिक उष्णता मिळते. राजधानी कोपनहेगनमध्ये तर जवळजवळ सर्वच इमारती अशा जाळ्याला जोडलेल्या आहेत.

या जाळ्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. नळांची एक जोडी रस्त्याखालून जाते. एका नळातून गरम पाणी इमारतीकडे जाते आणि दुसऱ्यातून निवलेले पाणी केंद्राकडे परत येते. इमारतीत उष्णता-विनिमयक नावाचे उपकरण असते. जाळ्यातील पाणी आणि घरातील पाणी त्यात एकमेकांत मिसळत नाही. फक्त उष्णता एकातून दुसऱ्यात जाते. वीजकेंद्रात एरवी वाया जाणारी उष्णता आणि शहरातील कचरा जाळून मिळणारी उष्णता या जाळ्यात सोडता येते. वीज आणि उष्णता अशी दोन्ही घेतली, की इंधनातील ऊर्जेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग कामी येऊ शकतो.

अनुभवातून तेथे एक धडा मिळाला. नळातील पाणी जितके अधिक गरम, तितकी वाटेत होणारी घट अधिक. म्हणून पूर्वी वाफ वापरत, पुढे उकळते पाणी आले आणि आता त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर काम भागवण्याकडे कल आहे. मात्र घराच्या भिंती आणि खिडक्या उष्णता धरून ठेवणाऱ्या असतील, तरच कमी तापमानाचे पाणी पुरते. तात्पर्य, आधी गळती बुजवावी आणि मग पुरवठ्याकडे पाहावे. गळका रांजण भरण्यासाठी मोठी विहीर खणण्यात शहाणपण नाही.

भारतात घरे तापवण्याची गरज बहुतेक ठिकाणी नाही. पण तत्त्व तेच ठेवून केलेले प्रयोग येथेही आढळतात. गुजरातमधील गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०१५ साली एका केंद्रातून अनेक इमारतींना थंड पाणी पुरवून त्या गार ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली. महाराष्ट्रात शिर्डी येथील साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली सूर्यकिरण एकवटणाऱ्या ७३ तबकड्या बसवण्यात आल्या. त्यांतून निर्माण होणारी वाफ नळांनी स्वयंपाकघरात नेऊन हजारो भाविकांचे अन्न शिजवण्याची सोय करण्यात आली. चूल एक आणि पंगत मोठी, असे हे उदाहरण आहे.

५. चामराजपेटसारख्या वस्तीत काय करता येईल?

चामराजपेटचे रस्ते खणून गरम पाण्याचे जाळे टाकणे व्यवहार्य नाही. दिवसाला एका घरामागे पाच बादल्या, एवढ्या गरजेसाठी तो खर्च परवडणार नाही. शिवाय वाटेतच उष्णता निघून जाईल. परंतु त्या योजनेमागची तीन सूत्रे तेथेही लागू पडतात. गरज कमी करावी, फुकट मिळणारी उष्णता वापरावी आणि साधने वाटून घ्यावीत.

फुकट उष्णता म्हणजे अर्थातच ऊन. सौर बंबाचा वापर बंगळूरमध्ये पूर्वीपासूनच मोठा आहे. २००७ पासून कर्नाटकात ठरावीक प्रकारच्या नव्या इमारतींना सौर बंब बसवणे बंधनकारक झाले आणि सौर बंब असलेल्या ग्राहकांना वीजबिलात सूटही देण्यात आली. महाराष्ट्रात पुणे महानगरपालिकेने असे उपाय करणाऱ्यांना मिळकत करात सवलत दिली. रोजच्या १०० लिटर पाण्यासाठी साधारण दोन चौरस मीटरचा सपाट संग्राहक लागतो. बंगळूर विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्याने तो दक्षिणेकडे तोंड करून, थोडा कलता बसवतात.

सौर बंब बसवला म्हणजे काम संपले असे नाही. गच्चीवरील टाकीपासून तळमजल्यापर्यंतचा नळ उघडा असेल, तर पाणी वाटेतच निवते. त्यावर उष्णतारोधक आवरण घालावे लागते. कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर संग्राहकाच्या नळ्यांत क्षारांचा थर साचतो आणि पाणी तापेनासे होते. म्हणून नळ्या वेळोवेळी साफ कराव्या लागतात. काचेवरची धूळ पुसणे हेही तितकेच आवश्यक. पावसाळी दिवसांसाठी टाकीत विजेची कांडी असते. तिचे बटण वर्षभर चालूच राहिले, तर सौर बंब हा केवळ गच्चीवर ठेवलेला गिझर ठरतो.

वसतिगृहे, खाणावळी आणि मंगल कार्यालये यांना गरम पाणी फार लागते. त्यांच्यासाठी उष्णता-पंप हे साधन उपयुक्त आहे. शीतकपाट आतली उष्णता बाहेर टाकते. उष्णता-पंप बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो. विजेच्या एका युनिटच्या मोबदल्यात तो साधारण तीन युनिट इतकी उष्णता देऊ शकतो.

६. खरी अडचण : गच्ची कोणाची?

यंत्र उपलब्ध आहे, ऊन मुबलक आहे. तरीही अनेक घरांत गिझरच का चालतो? याचे उत्तर यंत्रशास्त्रात नसून माणसांच्या परस्परसंबंधांत आहे.

एका जुन्या भूखंडावर तीन मजले चढले आहेत, असे समजू. वर घरमालक आणि खाली तीन भाडेकरू. सौर बंबाचा खर्च करायचा मालकाने आणि वीजबिल वाचायचे भाडेकरूचे. साहजिकच मालक म्हणतो, “मी कशाला?” भाडेकरू विचार करतो, “उद्या घर सोडावे लागले तर?” दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, मात्र नुकसान दोघांचेही होते. त्यातच शेजारी उंच इमारत उभी राहिली, तर हक्काचे ऊनही जाते. एकाचा मजला म्हणजे दुसऱ्याची सावली!

अशा ठिकाणी एकट्याने केलेली काटकसर तोकडी पडते आणि बोलणी करावी लागतात. चार कुटुंबांसाठी ४०० लिटरची एकच सामाईक व्यवस्था केली, तर गच्चीवरची जागा, नळ आणि देखभाल यांची वाटणी होते. मालकाने खर्च करावा आणि भाडेकरूंनी वाचलेल्या बिलातून दरमहा ठरलेली रक्कम द्यावी, असा लेखी करार करता येतो. कोण किती पाणी वापरतो यावरून वाद होऊ नये, म्हणून प्रत्येकाच्या नळावर मापक बसवता येतो. साफसफाईची पाळी ठरवता येते. गल्लीत पहिली अशी व्यवस्था नीट चालली, की दुसऱ्या घराला उपदेशाची गरज उरत नाही.

शासनाचाही यात वाटा आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. उपकरणांवरील ताऱ्यांची खूण २००६ पासून दिसू लागली. अधिक तारे म्हणजे तेवढ्याच कामासाठी कमी वीज. दुकानात किंमत विचारणाऱ्या ग्राहकाने तारेही मोजले, तर कायद्याचा हेतू सफल होतो. परंतु कायदा गच्चीपर्यंत पोहोचतो; गच्चीवरची वाटणी मात्र शेजाऱ्यांनाच करावी लागते.

समारोप

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी चामराजपेटची आखणी करणाऱ्यांनी रस्ते, घरे आणि मोकळी जागा यांचा एकत्र विचार केला. म्हणून ती पेठ झाली, केवळ घरांची गर्दी झाली नाही. ऊर्जेचा विचारही तसाच करावा लागेल. प्रथम घरातील गळती थांबवावी, मग उन्हासारखी सहज मिळणारी उष्णता वापरावी आणि जे एकट्याला जमत नाही ते शेजाऱ्यांसह करावे. डेन्मार्कमधील गरम पाण्याचे जाळे आणि चामराजपेटमधील सामाईक सौर बंब यांच्या आकारात फार मोठे अंतर आहे. तत्त्व मात्र एकच आहे. घरोघरी चुली असोत. पण प्रत्येक चुलीसाठी वेगळे रान तोडण्याची गरज नसते.

शब्दार्थ

रोहित्र – विजेचा दाब कमी-जास्त करणारे यंत्र, ट्रान्सफॉर्मर
संग्राहक – सूर्याची उष्णता शोषून पाण्याला देणारा सौर बंबाचा भाग
उष्णतारोधक – उष्णता बाहेर जाऊ न देणारे
विनिमय – देवाणघेवाण
कुचंबणा – अडचणीत सापडून होणारी कोंडी
भुर्दंड – विनाकारण पडणारा खर्च
सामाईक – सर्वांच्या मालकीचे, एकत्रित

स्वाध्याय

१. रोज ६० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवण्यास किती युनिट वीज लागेल? पाठातील रीत वापरून उत्तर काढा.
२. ‘एकाचा मजला म्हणजे दुसऱ्याची सावली’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात सामाईक सौर बंबाविषयी होणारा संवाद आठ ते दहा वाक्यांत लिहा.
४. तुमच्या घरातील मागील तीन महिन्यांची वीजबिले पाहा. कोणत्या महिन्यात वापर अधिक झाला आणि का, याची नोंद करा.
५. ‘जुने ते सोने’ आणि ‘घरोघरी मातीच्या चुली’ या म्हणींचा वाक्यांत उपयोग करा.